उप्पु

आमच्या गावात मीठ तीन भाषांत मागतात.
साखर पेठेत तेलुगूतून, उप्पु.
बाजारात कन्नडमधून, तेही उप्पुच.
मराठीतून मागितलं तर दुकानदार विचारतो,
खायचं का रंगवायचं?

रंगवायचं गोणीत येतं.
किलोभर सुताला पाऊण किलो.
यंबय्या मास्तर मला शिकवताना म्हणाले होते,
मीठ म्हणजे स्थळ आणणारा माणूस बे,
रंगाला सुताच्या घरात नेऊन बसवतो
आणि स्वतः न जेवता दारातून परत फिरतो.

परत फिरून कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

कारखान्यामागच्या नाल्याला
उन्हाळ्यात पांढरा काठ यायचा,
लांबून वाटावं, कुणी धोतर वाळत टाकलंय.
आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजेना.
आई कांड्या भरून यायची, चुलीपाशी बसायची,
डावानं एक दाणा काढून दाबायची,
म्हणायची, अजून दगड.

आता गाळून गाळून उरलेलं ते खारट पाणी
माझ्या शेडमध्ये येतं.
दोनशे पडदे, एकाला एक लागून,
मधे नखाएवढी फट, दोन टोकांना वीज.
आई बघायला आली तेव्हा म्हणाली, ही तर फणी.
नंतर वाकून नीट पाहिलं, म्हणाली,
फणी धागे एकत्र आणते,
तुझी ही काय करते गं?

सोडवते, म्हटलं.
मिठाचा एक भाग ह्या बाजूला, एक त्या बाजूला.
मधे पाणीसुद्धा फुटतं.
इकडे कॉस्टिक, तिकडे अ‍ॅसिड.

तिनं मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्याच होत्या.
यंत्रावरून तीनदा ओवाळल्या
आणि मूठ तशीच धरून उभी राहिली.
दृष्ट जाळायला शेडमध्ये विस्तव कुठला?
टाक टाकीत, म्हटलं.
मीठ विरघळलं.
मोहऱ्या मी चहाच्या गाळणीनं वेचत बसले,
एक जरी फटीत अडकली असती
तर मालकानं माझीच दृष्ट काढली असती.

अडकला तो चुना.
तिसऱ्या दिवशी दाब चढला, पाणी थेंबाथेंबानं,
पडदे उघडले तर आत तोच थर
जो आमच्या घरच्या पातेल्याला असतो.
विकतच्या अ‍ॅसिडनं धुतले.
गुरुवारी लाइट गेली. गुरुवारी जातेच.
शुक्रवारी पुन्हा धुतले.
मालकाचा मुलगा दारात येऊन
विजेचं बिल घडी घालत उभा राहायचा,
बोलायचा काहीच नाही.

अडतिसाव्या दिवशी दोन पिंपं भरली.

मास्तर आले. का बे, म्हणाले,
नाल्याचं पाणी माझ्या रंगात घालणार?
कागद बुडवून निळा झालेला दाखवला,
त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही.
करंगळीचं टोक पिंपात बुडवलं,
अंगठ्यावर घासलं.
बुळबुळीत.
सोडाच हाय की, म्हणाले, आणि हात धुवायला गेले.
खूप वेळ धूत होते.

त्या रात्री एक लड मोरपिशी काढली.
सकाळी पांढऱ्या फडक्यानं घासून घासून पाहिली.
जरा फिकी आहे, म्हणाले.
फिकी नव्हती.
पुढच्या लडीला त्यांनी विकतचा सोडा मागितला नाही.

आईनं विचारलं,
माझं मीठ कुठल्या पिंपात गेलं?
अर्धं ह्यात, अर्धं त्यात.
म्हणजे मीठ राहिलंच नाही की.
तिला वाईट वाटलं असावं.
ओवाळलेलं होतं ते.

मी तिला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं.
रंगाच्या टाकीत कॉस्टिकचं काम संपलं
तेव्हा मास्तरांनी दुसऱ्या पिंपातलं अ‍ॅसिड सोडलं,
दोन्ही एकमेकांत मुरली,
धुणावळीचं पाणी पाइपातून गडगडत
परत माझ्या शेडमध्ये आलं.
मीटरचा काटा हळूहळू वर चढून
सकाळच्या खुणेच्या जरा अलीकडे थांबला.

तिला काटा वाचता येत नाही.
आलं का? तिनं विचारलं.
उप्पु वच्चिंदा?

आलं, म्हटलं. थोडं वाटेत सांडलंय.